५१ टक्के खरे कुणाचे?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

मूळच्या सांगलीकडच्या एका ताईंनी न्यू जर्सीहून लिहिलं आहे. त्या आणि त्यांचे यजमान तिथे बरीच वर्षं दोन कन्व्हिनियन्स स्टोअर्स चालवतात. दोघंही अमेरिकन नागरिक. मुलगा तिथेच जन्मलेला, सून ग्रीन कार्डवर, यजमानांचा भाचा एच-१बीवर आणि ग्रीन कार्डच्या रांगेत. मोठ्या दुकानाचा मॅनेजर कृष्णवर्णीय आहे, नेवार्कमध्ये वाढलेला, घरच्यासारखा विश्वासू. तरुणपणी गांजाच्या दोन प्रकरणांत त्याला शिक्षा झाली होती. आता राज्यात गांजाची विक्री कायदेशीर आहे, आणि अशी शिक्षा भोगलेल्यांना ‘सोशल इक्विटी’ गटातून डिस्पेन्सरीच्या (गांजाच्या परवानाधारक दुकानाच्या) लायसन्ससाठी अग्रक्रम मिळतो. विषय मॅनेजरनेच काढला: लायसन्स मला मिळू शकतं, भांडवल तुमच्याकडे आहे, मिळून करू या.

मुलाने एक सल्लागार गाठला. त्याच्या मसुद्यात एलएलसीची (मर्यादित जबाबदारीच्या कंपनीची) ५१ टक्के मालकी मॅनेजरची आणि ४९ टक्के कुटुंबाची आहे. सोबत आणखी तीन करार आहेत. कुटुंबाची वेगळी कंपनी दुकान ‘चालवायला’ घेणार आणि विक्रीच्या ८ टक्के फी घेणार. कुटुंब ६ लाख डॉलर १४ टक्के व्याजाने देणार. आणि दोन वर्षांनी मॅनेजरचे ५१ टक्के १ डॉलरला विकत घेण्याचा हक्क कुटुंबाकडे राहणार. भाचा हिशेब बघणार, त्याचेही थोडे पैसे यात घालायचे आहेत.

यजमानांचं म्हणणं, “ज्यांनी कायदा मोडला त्यांना सवलत, आणि आपण इतकी वर्षं सरळ राबलो तर आपल्याला काही नाही.” मुलगा म्हणतो, सगळे असंच करतात. मॅनेजर म्हणतो, तुम्ही म्हणाल तिथे सही करतो. ताई विचारतात, “तो राजी आहे, पगारापेक्षा त्याला जास्तच मिळेल. यात नुकसान कुणाचं? मग मला का खटकतंय?”

उत्तर:

ताई,

आधी उत्तर सांगते, कारणं मागाहून. हा मसुदा आहे तसा सही करू नका. भाच्याचं नाव त्यातून आजच्या आज काढा. आणि मॅनेजरला स्वतःचा, तुमच्याशी काहीही संबंध नसलेला वकील मिळेपर्यंत त्याच्याकडूनही कशावर सही घेऊ नका. या धंद्यात उतरायचं की नाही हा त्यानंतरचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर ‘हो’ असूही शकतं.

यजमानांच्या म्हणण्यापासून सुरुवात करते. आपल्या लोकांत ते फार ऐकू येतं, आणि ज्याने पहाटे पाचला शटर वर करून संसार उभा केला त्याला ते वाटणं मी समजू शकते. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरली आहे: हे लायसन्स म्हणजे गुन्हा केल्याचं बक्षीस.

अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेने २०१३ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये देशभरातल्या अटकांचा हिशेब मांडला. गोरे आणि कृष्णवर्णीय गांजा साधारण सारख्याच प्रमाणात ओढतात. पण गांजा बाळगल्याबद्दल अटक होण्याची शक्यता कृष्णवर्णीयांच्या बाबतीत साडेतीन पटींहून जास्त होती. तुमच्या शेजारच्या न्यूयॉर्क शहरात एकट्या २०११ साली गांजावरून सुमारे ५० हजार अटका झाल्या, त्यातही बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो तरुणांच्या. कॉलेजच्या वसतिगृहात तोच गांजा ओढणाऱ्या मुलांच्या खोल्यांपर्यंत पोलीस क्वचितच गेले. तेव्हा ‘त्यांनी कायदा मोडला आणि आपण पाळला’ एवढ्यावर हे संपत नाही. मोडणारे सगळीकडे होते. पकडले गेले ते ठरावीक मोहल्ल्यांतले.

आणि पकडलं जाणं एका रात्रीपुरतं नसे. नोकरीच्या अर्जावर ‘शिक्षा झाली आहे का’ हा रकाना. सरकारी घरकुलातून कुटुंबासकट बाहेर पडण्याची टांगती तलवार. १९९८ च्या कायद्यानंतर तर अमली पदार्थाच्या शिक्षेमुळे कॉलेजची फेडरल (केंद्र सरकारची) आर्थिक मदतही बंद होऊ शकत होती. विशीत हे सोसलेला माणूस पंचेचाळिशीत बँकेत पत, घरावरची इक्विटी आणि चार सधन नातेवाईक घेऊन येत नाही. तुमच्या मॅनेजरकडे भांडवल नाही याचं एक मोठं कारण त्या दोन शिक्षांमध्येच आहे.

न्यू जर्सीच्या मतदारांनी नोव्हेंबर २०२० मध्ये दोन तृतीयांश बहुमताने गांजा कायदेशीर करायला कौल दिला. २२ फेब्रुवारी २०२१ रोजी गव्हर्नर फिल मर्फी यांनी कायद्यावर सही केली. त्याच वर्षी न्यायालयांनी गांजाची ३ लाख ६० हजारांहून जास्त जुनी प्रकरणं लोकांच्या नोंदींतून पुसली. पण २१ एप्रिल २०२२ ला सर्वसाधारण विक्रीची पहिली दारं उघडली ती आधीपासून वैद्यकीय गांजा विकणाऱ्या कंपन्यांची. भांडवल तयार होतं त्यांना सुरुवात मिळाली. ज्या गोष्टीसाठी तुमचा मॅनेजर कोठडीत बसला, तीच गोष्ट काचेच्या कपाटात ठेवून विकणाऱ्यांत त्याच्यासारखे कुणी नव्हते. अग्रक्रम आहे तो या अंतरासाठी.

आणखी एक. ‘आपल्याला काही नाही’ हेही खरं नाही. न्यू जर्सीच्या कायद्यात सोशल इक्विटीखेरीज दुसरा प्राधान्यगट आहे: अल्पसंख्याकांच्या, महिलांच्या आणि अपंग माजी सैनिकांच्या मालकीचे व्यवसाय. भारतीय वंशाचे लोक राज्याच्या अल्पसंख्याक व्याख्येत बसतात. म्हणजे तुम्ही, ताई, स्वतःच्या नावाने, अल्पसंख्याक म्हणून आणि स्त्री म्हणूनही अर्ज करू शकता. या वाटेवर कुणाच्या नावाची गरज नाही. ती सल्लागाराने दाखवलीच नसेल तर का, हे त्याला विचारा.

आता मसुद्याकडे येते. राखीव गटातून मिळालेले पेट्रोल पंप तुम्ही आपल्याकडे पाहिले असतील: कागदावर एकाचं नाव, गल्ल्यावर दुसराच, आणि ज्याचं नाव आहे त्याला महिन्याचं पाकीट. ‘त्याला घरबसल्या मिळतात की’ हे समर्थनही तुम्ही ऐकलं असेल. सल्लागाराने पाठवलेले कागद त्याच पठडीतले आहेत, फक्त इंग्रजी जास्त गुळगुळीत आहे.

५१ टक्के मालक म्हणजे काय? दुकान कुठे घ्यायचं, कुणाला कामावर ठेवायचं, माल कुणाकडून उचलायचा, नफा वाटायचा की धंद्यात ठेवायचा, हे ज्याच्या शब्दाविना होत नाही तो. तुमच्या मसुद्यात हे सगळं व्यवस्थापन कराराने तुमच्या कंपनीकडे येतं. आणि जी वस्तू दोन वर्षांनी १ डॉलरला द्यावी लागणार आहे, ती आजही त्याची नाही.

एक हिशेब मांडते. आकडे कल्पनेतले आहेत, पण दुकान चालवणाऱ्याला प्रमाण ओळखीचं वाटेल. समजा वर्षाची विक्री २० लाख डॉलर. मालाला ११ लाख गेले, उरले ९ लाख. त्यातून भाडं, पगार, सिक्युरिटी, कॅमेरे, विमा, वकील मिळून ७ लाख ५० हजार. हातात दीड लाख. दुसऱ्या कुठल्याही दुकानात कर या दीड लाखावर बसला असता. पण फेडरल करकायद्यात १९८२ पासून कलम २८०ई आहे. ते म्हणतं, पहिल्या किंवा दुसऱ्या शेड्यूलमधल्या (नियंत्रित पदार्थांच्या फेडरल यादीतल्या) पदार्थाचा व्यापार करणाऱ्याला मालाची किंमत सोडून बाकी कुठलाही खर्च वजा करता येणार नाही. गांजाला १९७० च्या कायद्याने पहिल्या शेड्यूलमध्ये घातलं. त्या हिशेबाने करपात्र उत्पन्न दीड लाख नव्हे, ९ लाख. कॉर्पोरेशन असेल तर २१ टक्क्यांनी १ लाख ८९ हजार डॉलर कर, म्हणजे कमाईपेक्षा जास्त.

तुमचा मसुदा एलएलसीचा आहे. वेगळा पर्याय निवडला नाही तर तिचं उत्पन्न मालकांच्या वैयक्तिक कर-विवरणात जातं. ९ लाखांचे ५१ टक्के म्हणजे ४ लाख ५९ हजार. एवढं उत्पन्न तुमच्या मॅनेजरच्या नावावर दिसेल. त्याच्या हातात किती पडलेले असतील? हातातल्या दीड लाखातून तुमच्या कंपनीची ८ टक्के फी, १ लाख ६० हजार, आधीच वळती झाली. वर व्याजाचे ८४ हजार थकले. त्याला वाटणीचा एक डॉलरही मिळालेला नाही, आणि आयआरएस, म्हणजे फेडरल कर खातं, त्याच्याकडे साडेचार लाखांवरच्या उत्पन्नाचा कर मागते आहे. तेव्हा तो म्हणेल, माझ्याकडे काही आलंच नाही. कागद म्हणेल, ५१ टक्के तुझे.

नुकसान कुणाचं, असं तुम्ही विचारलंत. त्याचं, आणि ते असं. तुम्हाला खटकतंय ते बरोबर ठिकाणी खटकतंय.

गांजा तिसऱ्या शेड्यूलमध्ये नेण्याचा औपचारिक प्रस्ताव २०२४ मध्ये मांडला गेला, आणि तसा बदल अमलात आला की २८०ई लागू होत नाही. म्हणून सही कराल त्या आठवड्यात कायदा नेमका कुठे आहे, हे या धंद्याचं काम करणाऱ्या सीपीएकडून (परवानाधारक हिशेबनिसाकडून) लेखी घ्या. पण करार असा हवा की जुना नियम लागू राहिला तरी कुणी बुडणार नाही. त्यात एक कलम हमखास घालून घ्या: मालकांच्या नावावर येणाऱ्या कराची रक्कम कंपनीने सगळ्यात आधी त्यांना द्यायची, मग व्याज, मग फी, मग नफा.

‘सगळे असंच करतात’ याबद्दल. करतात, हे खरं आहे, आणि म्हणूनच राज्यं आता कागदांच्या मागचे कागद मागतात. न्यू जर्सीचा कॅनाबिस आयोग मालक कोण, पैसा कुणाचा, व्यवस्थापनाचा करार कुणाशी, हे सगळं उघड करायला लावतो. बाजूचा करार दडवला तर ते सरकारला दिलेलं खोटं निवेदन होतं, आणि अर्जावर सही तुमच्या मॅनेजरची असते. ज्याला आधीच दोनदा कोर्ट बघावं लागलं, त्याला तिसऱ्यांदा तिथे उभं करण्याची ही तयारी आहे.

इतर ठिकाणी काय झालं तेही पाहा. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडने २०१७ मध्ये देशातली पहिली इक्विटी योजना आणली. तिथे पैसेवाल्या अर्जदाराने इक्विटी अर्जदाराला तीन वर्षं फुकट जागा दिली तर त्याची स्वतःची फाइल पुढे सरकायची. कल्पना चांगली होती. पण जागा मिळणं म्हणजे धंदा मिळणं नव्हे, आणि तक्रारी आल्या त्या यावरूनच. इलिनॉयमध्ये तर मालक कुणीही असला तरी दहाहून जास्त नोकर ठेवून त्यांतले ५१ टक्के पात्र गटातले दाखवले, तरी अर्ज ‘सोशल इक्विटी’चा ठरत होता. सप्टेंबर २०२० मध्ये तिथे ७५ लायसन्सांसाठी पैकीच्या पैकी गुण फक्त २१ अर्जदारांना मिळाले, गदारोळ झाला, मग सोडती, मग कोर्टकचेऱ्या. लायसन्स हातात यायला २०२२ उजाडलं. तोवर कमी भांडवलाचे लोक रिकाम्या गाळ्यांची भाडी भरत थांबले होते. थांबण्याची ऐपत नसेल तर हिस्सा विकावा लागतो, आणि विकत घेणारा तयारच असतो.

त्याच्या ‘तुम्ही म्हणाल तिथे सही करतो’ या वाक्याकडेही जरा थांबून बघा. तुम्हाला ते विश्वासाचं वाटतं, आणि असेलही. पण त्याचा पगार तुम्ही देता, आणि त्याचं रोजचं वेळापत्रक तुमच्या हातात आहे. असा माणूस मालकाला ‘मला हे कलम मान्य नाही’ म्हणेल, हे कठीण आहे. त्याचं ‘हो’ खरं आहे की नाही, हे त्याला ‘नाही’ म्हणण्याची सोय असल्याशिवाय कळणार नाही. म्हणून त्याचा वकील वेगळा. खर्च तुम्ही करा, पण वकील त्याने निवडावा, आणि तो त्याच्याशी काय बोलला हे तुम्ही विचारू नका.

आता भाच्याचं आणि सुनेचं. हे इतर वाचकांनीही नीट वाचावं, कारण अशा पत्रांत हा धोका कुणी मांडतच नाही. राज्याने गांजा कायदेशीर केला तरी व्हिसा, ग्रीन कार्ड आणि नागरिकत्व हे फेडरल कायद्याचे विषय आहेत, आणि त्या कायद्यात गांजाचा व्यापार हा अमली पदार्थाचा व्यापारच आहे. इमिग्रेशन कायद्यात अमली पदार्थाच्या व्यापारात सामील असल्याचं ‘मानायला जागा’ असली तरी प्रवेश नाकारता येतो. त्यासाठी खटला किंवा शिक्षा लागत नाही. मदत करणाराही त्यात येतो. हिशेब ठेवणारा, पैसे घालणारा, दोघेही. एच-१बीवर दुसरीकडे काम करता येत नाही ही वेगळीच अडचण. पण भाच्याने फुकट, रविवारी, घरच्या टेबलावर बसून वह्या लिहिल्या तरी त्याची ग्रीन कार्डची इतक्या वर्षांची रांग पणाला लागते.

सुनेचं प्रकरणही नाजूक आहे. त्याच कायद्यात आहे की असा व्यापारी परदेशी नागरिक असेल आणि त्याच्या पती, पत्नी किंवा मुलांना त्या पैशाचा गेल्या पाच वर्षांत लाभ झाला असेल आणि तो कुठून येतो हे त्यांना ठाऊक असेल, किंवा ठाऊक असायला हवं होतं, तर तेही अडचणीत येतात. तुमचा मुलगा नागरिक आहे, म्हणून त्याला ही भीती नाही, आणि त्याच्यामुळे हे कलम सुनेला थेट लागत नाही. पण तो भागीदार झाला आणि तिने त्या धंद्यात काही मदत केली, तर मदत करणारी म्हणून भारतातून परतताना विमानतळावर प्रश्न सुनेला विचारले जाऊ शकतात. शिवाय नागरिकत्व देणाऱ्या खात्याने १९ एप्रिल २०१९ रोजी स्पष्ट केलं की राज्यात कायदेशीर असली तरी गांजाच्या उद्योगातली नोकरीसुद्धा अर्जदाराच्या ‘चांगल्या चारित्र्या’च्या आड येऊ शकते. गांजा तिसऱ्या शेड्यूलमध्ये गेला तरी तो नियंत्रित पदार्थच राहतो, तेव्हा हा धोका आपोआप संपत नाही. सुनेला नागरिकत्व मिळेपर्यंत मुलाने यात पाय ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. डिस्पेन्सरीच्या काउंटरवर अर्धवेळ काम करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांनी, अशा कंपन्यांसाठी काम घेणाऱ्या एच-१बीवाल्यांनी, ‘सायलेंट पार्टनर हो’ म्हणून मित्राने गळ घातलेल्या ग्रीन कार्डधारकांनी, सगळ्यांनी आधी इमिग्रेशन वकिलाची फी भरावी.

पैशाच्या बाकीच्या अडचणी भराभर सांगते. बऱ्याच बँका या धंद्याचं खातं उघडत नाहीत. ज्या उघडतात त्या जबर फी घेतात. तुमच्या दोन्ही दुकानांची खाती या पैशापासून पूर्ण वेगळी ठेवा, नाहीतर चालू धंद्याची खाती बंद होण्याची वेळ येईल. जागा तुमची असेल तर तिच्यावरच्या कर्जाचे कागद काढा. फेडरल कायद्याविरुद्ध वापर केल्यास कर्ज लगेच फेडा, असं कलम त्यात असण्याची दाट शक्यता आहे. धंदा बुडाला तर फेडरल दिवाळखोरी कोर्टाचा आसरा सहसा मिळत नाही. आणि गाळा बघण्याआधी टाउनशिपमध्ये परवानगी आहे का ते बघा. न्यू जर्सीतल्या तेव्हाच्या ५६५ गावा-शहरांपैकी बहुतेकांनी २०२१ मध्येच डिस्पेन्सरीला नकार दिला होता.

मग तुमच्यापुढे काय काय आहे?

खरी भागीदारी होऊ शकते. त्याचे ५१ टक्के खरे, १ डॉलरचं कलम रद्द, व्यवस्थापन त्याच्याकडे. तुमचं कर्ज बाजारभावाच्या व्याजाने, आणि पहिलं वर्षभर फक्त व्याज. तुमचा हक्क एवढाच की वह्या कधीही बघता याव्यात आणि मोठं कर्ज काढताना किंवा धंदा विकताना तुमची संमती लागावी. एवढं संरक्षण कुठल्याही प्रामाणिक गुंतवणूकदाराला मिळतं आणि आयोगासमोर उघड ठेवता येतं. त्याला हिस्सा विकायचा झाला तर पहिली विचारणा तुम्हाला, पण किंमत तिऱ्हाइताने ठरवलेली. यात तुमचा परतावा मसुद्यापेक्षा कमी येईल. ते मान्य नसेल तर ही वाट तुमची नाही, हे स्वतःशी कबूल करा.

दुसरं, मालकीत न जाता फक्त कर्ज देणं. काही वाचकांना हे सुटसुटीत वाटेल. पण कर्ज देणाऱ्याचं नावही आयोगाला सांगावं लागतं, आणि फेडरल धोका तोही उचलतो. तुम्ही दोघं नागरिक आहात म्हणून तुम्हाला हे निदान विचारात घेता येतं.

तिसरं, तुमचा स्वतःचा अर्ज, ज्याबद्दल वर लिहिलं. पण विषय त्याने काढला होता. त्याला बाजूला सारून तुम्ही एकट्या पुढे गेलात तर तुमच्या दुकानात रोज समोरासमोर उभं राहणं दोघांनाही जड जाईल. तसं करायचंच असेल तर आधी त्याला सांगा आणि त्याच्या अर्जालाही मदत करा.

चौथी मदत पैशाविना होते, आणि ती तुमच्याइतकी चांगली फार कमी लोक करू शकतील. रोकड कशी मोजायची, माल मुरतो कुठे, चोरी कशी ओळखायची, पुरवठादाराशी उधारीची बोलणी, विमा, पगारपत्रक, भाडेकराराची बारीक अक्षरं. हे सगळं त्याने तुमच्याकडेच थोडंफार पाहिलं आहे, आता मालकाच्या नजरेने शिकवा. त्याला छोट्या प्रमाणात सुरू करायचं असेल तर न्यू जर्सीत ‘मायक्रोबिझनेस’ लायसन्स आहे: जास्तीत जास्त १० कर्मचारी आणि २,५०० चौरस फूट जागा. त्याला ६ लाखांच्या कर्जाची गरज पडेलच असं नाही.

माझा कल पहिल्या आणि चौथ्याकडे आहे, एकत्र. पण एक गोष्ट त्याआधी. पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंत, मंडळात काय म्हणतील, आणि सांगलीला आईला काय सांगू. लोकांच्या बोलण्यावर मी वेळ घालवणार नाही. पण तुमच्या स्वतःच्या मनात नशेच्या धंद्याबद्दल अढी असेल तर ती खरी मानून ऐका. कुटुंबात कुणाचं व्यसन पाहिलं असेल, शेजारी तरुण मुलं असतील, तर ‘मला हे विकायचं नाही’ हे पूर्ण कारण आहे. दुकानात तुम्ही सिगारेट विकता म्हणून गांजाही विकायलाच हवा असं नाही. फक्त तो नकार मॅनेजरला स्पष्ट कळवा. महिनोन्‌महिने ‘बघू’ म्हणत ठेवलं तर त्याला दुसरा भागीदार शोधायची संधी जाईल, आणि बाहेर त्याला भेटणारे लोक तुमच्या सल्लागारापेक्षा बरे असतीलच असं नाही. तुम्ही नाही म्हणालात तरी हा मसुदा कुठे फसवतो ते त्याला दाखवा. ५१ टक्के आणि ४ लाख ५९ हजारांचा हिशेब कागदावर लिहून द्या.

बोलणी दुकानात करू नका, आणि मुलाला सोबत घेऊ नका. तुम्ही दोघं आणि तो, आणि हवी असेल तर त्याची बायको. मसुद्यातल्या चारही करारांचा अर्थ साध्या भाषेत सांगा, तुम्हाला त्यातलं काय चुकीचं वाटलं तेही सांगा. त्याला स्वतःला काय हवंय ते विचारा. त्याने अजून सांगितलेलं दिसत नाही, आणि तुमच्या पत्रातही कुणी विचारल्याचं नाही. त्याआधी मात्र एक छोटं पत्र तयार करा: डिस्पेन्सरीचं जमो वा न जमो, त्याने काहीही ठरवलं तरी तुमच्या दुकानातली त्याची नोकरी आणि पगार तसाच राहील, खाली तुमच्या दोघांच्या सह्या. ते त्याच्या हातात देऊन मगच विषय काढा.